डावीकडून चौथी

महापे एमआयडीसी, तिसरा मजला, रात्रपाळी.
युरोपातल्या कुठल्याशा राजघराण्याचे
एकोणीस हजार फोटो आलेत आमच्याकडे.
प्रत्येक चेहऱ्याला नाव द्यायचं,
चेहऱ्यामागे एक रुपया दहा पैसे.

राजे सोपे. दाढी आणि पदकं.
राण्या खुर्चीत.
गादीचा वारस अंगठा चोखत असला तरी
बरोबर मध्ये उभा केलेला.
कुत्र्यांचीसुद्धा नावं पाठीमागे शाईने,
वळणदार.
हिचं मात्र "डावीकडून चौथी".
कधी तेही नाही, नुसतं "व इतर".

नाव सापडलं पाचव्या रात्री,
एका मेजवानीच्या बैठकीच्या नकाशावर,
बिशप आणि एका बहिऱ्या जनरलच्या मध्ये:
ओटिलिया.
राजाच्या धाकट्या भावाची तिसरी मुलगी.

आता मी तिला चेहऱ्यावरून ओळखतच नाही.
उजव्या हातावरून ओळखते.
तो नेहमी पुसट.
त्या काळी फोटो निघेपर्यंत श्वास रोखून
उभं राहावं लागे म्हणतात,
सगळं घराणं दगडासारखं उभं,
आणि हिचा हात हललेला.
बहिणीच्या लग्नात हलला,
दुसऱ्या बहिणीच्याही.
काकाच्या शवपेटीशेजारी, काळ्या हातमोज्यात, हलला.
स्वतःच्या लग्नात तर कोपरापर्यंत धुकं.

त्या लग्नाआधी तिने एका कागदावर सही केली.
तोही स्कॅन होऊन आलाय, लाखेच्या मोहरेसकट.
भाषा मला येत नाही,
मशीनने मराठी करून दिलं:
"मी, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय,
माझ्यासाठी आणि माझ्या होणाऱ्या मुलांसाठी..."
पुढचं मी मशीनशिवाय वाचलं.

दुय्यम निबंधक कार्यालय, ठाणे.
पंखा होता, वारा नव्हता.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड, घणसोली.
आमची भातं सिडकोने घेतली तेव्हा
मी जन्मलेही नव्हते,
पण बाबा गेल्यावर वारसांत नाव लागलं:
आई, मोठा भाऊ, धाकटा भाऊ,
वनश्री मढवी.
आई म्हणाली,
"सई कर गो बाय, म्हायेराची दारं उघरी र्‍हातील."
धाकट्याने साडी आणली होती, मोरपंखी,
पिशवीवर दुकानाची किंमत तशीच.
मोठा माझ्याकडे बघत नव्हता.
क्लार्क म्हणाला, कॅमेऱ्यात बघा मॅडम, हलू नका.
पहिला फोटो हलला.
दुसरा काढला.

तिचं पुढे काय झालं ते पाकीट क्रमांक चौदात.
राजा पळाला, झेंडे उतरले,
ज्यांनी गादी जपली त्यांची गादीच गेली.
हिच्याकडून घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.
नवरा वारला. मोती एकेक करून विकले,
पावत्या आहेत, बारा.
औषधांच्या दुकानावर दोन खोल्या,
मागच्या अंगणात कोंबड्या.
अंड्यांचा हिशेब तिच्या अक्षरात,
कुठेही मुकुट काढलेला नाही,
एका पानावर फक्त "लालीने आजही नाही".

शेवटचा फोटो.
एक म्हातारी, एप्रन, टोपली,
पायाशी चार कोंबड्या.
पाठीमागे कुणीतरी पेन्सिलीने: "स्त्री, अनोळखी".
मी लिहिलं, ओटिलिया.
तपासनिसाने परत पाठवलं: आधार?
मी लिहिलं, उजवा हात बघा.
पुन्हा परत. लाल खूण.
"कोंबडीला दाणे टाकताना कुणाचाही हात हलतो."
खरंय त्याचं.

सकाळी सात. कंपनीची बस
मातृछायाच्या समोरच सोडते मला.
सात मजले, खाली मेडिकल, वर भाऊ.
दार उघडंच असतं, तेवढं खरं.
आज गेले नाही.
डब्यातली सुकट तशीच राहिली होती,
रात्री एसीत डबा उघडला की सगळे नाक मुरडतात,
ती तिथल्या मांजरीला घातली
आणि रस्ता ओलांडताना ठरवलं,
तिसऱ्यांदाही ओटिलियाच लिहिणार.
एक रुपया दहा पैसे कापले तर कापले.